संकरित मोटारीचे ‘ॲव्हरेज’ : कागदावरचे आणि रस्त्यावरचे

मोटार विकत घेणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा ‘ॲव्हरेज’चा. इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, एक लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर धावते, एवढाच अर्थ त्याला आता उरला आहे. वस्तुतः ॲव्हरेज म्हणजे सरासरी. आणि सरासरी म्हटली की ती कशाची, किती दिवसांची, कोणत्या रस्त्यावरची, हे प्रश्न ओघानेच येतात. विक्रेत्याच्या पत्रकात मात्र यांतला एकही प्रश्न दिसत नाही. तेथे एकच आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. गाडी घरी आल्यावर चार-सहा महिन्यांनी मालकाच्या वहीत जो आकडा उतरतो तो बहुधा याहून कमी असतो, आणि मग दोष कोणाचा, गाडीचा, पेट्रोलपंपाचा की चालवणाऱ्याचा, असा वाद घरोघर सुरू होतो.

हा वाद घरापुरताच असता तर त्याची फारशी मातब्बरी नव्हती. परंतु या आकड्यांवर आज सरकारे कर बसवतात आणि माफही करतात. उत्तर प्रदेश शासनाने २०२४ मध्ये काही हायब्रिड मोटारींचा नोंदणी-कर माफ केला, तो या गाड्या इंधन वाचवतात याच विश्वासावर. परदेशांतून तेल आणणाऱ्या देशाचा हिशेबही शेवटी अशा लहान लहान आकड्यांच्या बेरजेतूनच उभा राहतो. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे. पण थेंब किती मोठा आहे हे आधी नीट मोजले पाहिजे. संकरित मोटारीच्या बाबतीत हे मोजमाप विशेष अवघड आहे, आणि एका पिढीच्या मोटारीची दुसऱ्या पिढीच्या मोटारीशी तुलना करणे तर त्याहून अवघड. ते कसे करावे, आणि केल्यावर हाती काय लागते, हे पाहण्यासारखे आहे.

‘हायब्रिड’ हा शब्द महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने मोटारीच्या कितीतरी आधी ऐकला. १९६० नंतरच्या दशकात संकरित ज्वारी आली आणि ‘हायब्रिड’ म्हणजे ज्वारी असेच समीकरण खेड्यापाड्यांत होऊन बसले. दोन वाणांचे गुण एका रोपात आणण्याचा तो प्रयत्न होता. संकरित मोटारीची कल्पनाही तशीच आहे. तिच्यात पेट्रोलवर चालणारे इंजिन असते आणि विजेवर चालणारी मोटरही असते. इंजिनाची दूरवर जाण्याची ताकद आणि विजेच्या मोटरचा जागच्या जागी जोर लावण्याचा गुण, या दोहोंचा मेळ तीत घातलेला असतो. ही कल्पना नवी नाही. फर्डिनंड पोर्शे याने १९०० च्या सुमारासच इंजिन आणि विजेच्या मोटरी एकत्र असलेली गाडी बनवली होती. परंतु घराघरांतून वापरता येईल अशी आणि मोठ्या संख्येने तयार होणारी संकरित मोटार रस्त्यावर यायला १९९७ चा डिसेंबर उजाडावा लागला. ती मोटार म्हणजे जपानमधील टोयोटा कंपनीची ‘प्रियस’. ताकेशी उचियामादा हे तिच्या रचनेचे मुख्य अभियंता होते.

ही गाडी इंधन वाचवते ती तीन मार्गांनी. पहिला मार्ग थांबण्याचा. साधी गाडी सिग्नलला उभी असताना तिचे इंजिन नुसतेच फुरफुरत राहते आणि पेट्रोल जाळत राहते. संकरित गाडी थांबली की तिचे इंजिनही थांबते. दुसरा मार्ग ब्रेकचा. साध्या गाडीचा ब्रेक दाबला की गाडीचा वेग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. संकरित गाडीत मोटरच उलट काम करते, जनित्र बनते, आणि त्या वेगातला काही भाग वीज होऊन बॅटरीत परत जातो. तिसरा मार्ग इंजिनाच्या जातीचा. या गाडीत ‘ॲटकिन्सन’ पद्धतीचे इंजिन असते. जळलेल्या वायूला प्रसरण पावण्यास ते अधिक अवसर देते व त्याच्याकडून अधिक काम काढून घेते. अशा इंजिनाचा जोर कमी पडतो, पण ती उणीव विजेची मोटर भरून काढते. इंजिन आणि दोन विद्युत्‌-यंत्रे यांना जोडणारी ग्रहमालेसारखी दंतचक्रांची एक रचना असते. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी मधल्या चक्राभोवती लहान चक्रे फिरतात आणि कोणाचा किती जोर चाकांकडे जावा याची वाटणी क्षणोक्षणी होत राहते.

एवढे लक्षात घेतले म्हणजे संकरित मोटारीचे एक वैशिष्ट्य आपोआप उलगडते. साधी गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर अधिक ॲव्हरेज देते आणि शहरात कमी. संकरित गाडीचे बहुधा उलट असते. शहरात थांबणे, निघणे, ब्रेक दाबणे हे जितके अधिक तितकी तिला बचतीची संधी अधिक. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेकमधून परत मिळवण्यासारखे काही नसते; तेथे इंजिनाची कार्यक्षमता, चाकांचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध यांवरच सारे अवलंबून. म्हणून एकाच गाडीचे दोन मालक, एक शहरात वावरणारा आणि एक महामार्गावर धावणारा, दोन निराळे आकडे सांगतात आणि दोघेही खरेच बोलत असतात.

आता पिढ्यांकडे वळावे. प्रियसची पहिली पिढी १९९७ ची. २००० मध्ये ती जपानबाहेर विक्रीस गेली. दुसरी पिढी २००३ मध्ये, तिसरी २००९ मध्ये, चौथी २०१५ च्या अखेरीस, आणि पाचवी जपानमध्ये २०२३ च्या जानेवारीत विक्रीस आली. पहिल्या दोन पिढ्यांचे इंजिन दीड लिटरचे होते, पुढच्या दोहोंचे १.८ लिटरचे, आणि पाचव्या पिढीत दोन लिटरचे इंजिन आले. इंजिन वाढले म्हणजे पेट्रोल अधिक जाणार, असे सामान्य अनुमान निघते. ते येथे खोटे ठरते. तिसऱ्या पिढीचे इंजिन मोठे केले ते बचतीसाठीच. महामार्गावर लहान इंजिनाला फार फेरे घ्यावे लागत. मोठे इंजिन तेवढेच काम सावकाश फिरून करते. याच पिढीत पाण्याचा पंप विजेवर चालू लागला, आणि धुराड्यातून वाया जाणारी उष्णता इंजिन लवकर तापवण्यासाठी वापरली जाऊ लागली. चौथ्या पिढीत इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता ४० टक्क्यांवर गेली; तिसऱ्या पिढीत ती ३८.५ टक्के होती. दीड टक्क्याचा हा फरक दिसायला किरकोळ, पण यंत्रशास्त्रात तो वर्षानुवर्षांच्या परिश्रमाने मिळतो.

मग अधिकृत आकडे काय सांगतात? जपानी चाचणीप्रमाणे पहिली प्रियस लिटरला २८ किलोमीटर धावत होती, दुसरी ३५.५, तिसरी ३८ आणि चौथीचा सर्वांत काटकसरी प्रकार ४०.८. ही चढती भाजणी पाहून कोणासही वाटेल की प्रगती झाली, पण उत्तरोत्तर मंदावली. येथेच पहिली फसगत होते. पहिले तीन आकडे एका जुन्या चाचणीचे आहेत आणि चौथा नव्या, अधिक कडक चाचणीचा. जुन्या चाचणीत गाडीचा वेग ताशी ७० किलोमीटरपलीकडे जात नसे आणि इंजिन आधीच तापवलेले असे. नव्या चाचणीत वेगही वाढला आणि थंड इंजिनाचाही विचार झाला. तिसऱ्या पिढीच्या ज्या गाडीला जुन्या मापाने ३८ मिळाले, तिलाच नव्या मापाने ३२.६ मिळाले. तेव्हा खरी तुलना ३८ आणि ४०.८ यांची नव्हे, तर ३२.६ आणि ४०.८ यांची आहे. मंद वाटणारी प्रगती प्रत्यक्षात चांगली मोठी उडी होती. पुढे जपानने आणखी एक, आंतरराष्ट्रीय पद्धतीची, चाचणी स्वीकारली. तिच्याप्रमाणे पाचव्या पिढीतील दोन लिटर इंजिनाच्या गाडीला २८.६ मिळाले. जो केवळ आकडे वाचेल त्याला वाटेल की पंचवीस वर्षांनी गाडी पुन्हा जेथून निघाली होती तेथेच येऊन पोहोचली! गज बदलला की कापड लहानमोठे होत नाही, एवढी साधी गोष्ट या ठिकाणी विसरली जाते.

अमेरिकेतला इतिहास याहून बोधप्रद आहे. तेथे हे काम पर्यावरण-संरक्षण संस्थेकडे, म्हणजे त्या देशाच्या शासनाकडे आहे. तेथील पद्धत गॅलनला किती मैल असे सांगण्याची. येथे सोयीसाठी ते आकडे लिटर-किलोमीटरांत दिले आहेत. दुसऱ्या पिढीची प्रियस २००३ मध्ये आली तेव्हा तिच्या काचेवरील पट्टीवर शहरासाठी सुमारे २५.५ आणि एकूण सरासरी सुमारे २३.४ असे आकडे होते. मालकांना प्रत्यक्षात ते मिळेनात. तक्रारी वाढल्या. शहरातल्या आकड्यावर सर्वाधिक रोष होता, कारण संकरित गाडीची सारी प्रतिष्ठा शहरातच पणाला लागलेली असते. त्या चाचण्यांत गाडीचा कमाल वेग ताशी ९७ किलोमीटरपलीकडे जात नसे, वातानुकूलन बंद असे आणि कडाक्याच्या थंडीचा विचारच नसे. प्रयोगशाळेतल्या आकड्यांतून ठरावीक टक्के वजा करून पट्टीवरचा आकडा काढण्याची रीत १९८५ च्या गाड्यांपासून चालत आली होती, पण तेवढ्याने भागत नव्हते.

शेवटी २००८ च्या गाड्यांपासून त्या संस्थेने पद्धतच बदलली. जुन्या दोन चाचण्यांत आणखी तीन चाचण्यांची भर पडली : एक वेगवान व आक्रमक चालवण्याची, दुसरी सुमारे ३५ अंश सेल्सियस उष्म्यात वातानुकूलन चालू ठेवून, आणि तिसरी शून्याखाली सात अंश थंडीत. जुन्या गाड्यांचे आकडेही नव्या मापाने पुन्हा काढून जाहीर करण्यात आले. दुसऱ्या पिढीच्या प्रियसचा शहरातला आकडा २५.५ वरून २०.४ वर आला आणि सरासरी २३.४ वरून १९.६ वर. गाडीचा एक खिळाही बदलला नव्हता. बदलला होता तो सांगणाऱ्याचा प्रामाणिकपणा. आपण जाहीर केलेला आकडा लोकांच्या अनुभवाशी जुळत नाही हे मान्य करून तो खाली आणणे, हे कोणत्याही शासकीय यंत्रणेला सोपे नसते. ते तेथे झाले, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

या नव्या, एकाच मापाने पाचही पिढ्या मोजल्या तर अमेरिकेतले सरासरी आकडे येणेप्रमाणे येतात : पहिली पिढी लिटरला १७.४ किलोमीटर, दुसरी १९.६, तिसरी २१.३, चौथी २२.१ (तिचा खास काटकसरी प्रकार २३.८) आणि पाचवी २४.२. येथे गज एकच आहे, म्हणून या आकड्यांची एकमेकांशी तुलना करता येते. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीहून सरस आहे. त्यातही पाचव्या पिढीचे यश विशेष म्हटले पाहिजे. चौथ्या पिढीच्या गाडीची एकूण शक्ती १२१ अश्वशक्ती होती, पाचवीची १९४ आहे. म्हणजे गाडी अधिक जोरकस झाली आणि तरीही अधिक काटकसरी राहिली.

परंतु या भाजणीतही एक गणिती चकवा दडलेला आहे. लिटरला किती किलोमीटर, हा आकडा कानाला गोड लागतो. पण खिशाला झळ बसते ती किती लिटर जळले याची. वर्षाला १५,००० किलोमीटर प्रवास करणारे एक कुटुंब घ्यावे. वरील आकड्यांप्रमाणे त्याला पहिल्या पिढीच्या गाडीत सुमारे ८६२ लिटर पेट्रोल लागेल, दुसऱ्या पिढीत ७६५, तिसऱ्यात ७०४, चौथ्यात ६७९ आणि पाचव्यात ६२०. पहिल्या पिढीपासून पाचव्या पिढीपर्यंतची एकूण बचत वर्षाला सुमारे २४२ लिटर. आता याच कुटुंबाने लिटरला १२ किलोमीटर देणारी साधी गाडी टाकून अगदी पहिल्या पिढीची प्रियस घेतली असती, तर काय झाले असते? १,२५० लिटरांचे ८६२ झाले असते. म्हणजे ३८८ लिटरांची बचत. पुढच्या चारही पिढ्यांनी मिळून जेवढे वाचवले त्याहून हे पहिले पाऊलच मोठे होते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोन अभ्यासकांनी २००८ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला : गॅलनला मैल या मापामुळे माणसे फसतात, आणि उधळ्या गाडीतली थोडी सुधारणा ही काटकसरी गाडीतल्या मोठ्या सुधारणेहून अधिक इंधन वाचवते हे त्यांच्या ध्यानात येत नाही. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असे माप वापरतात, त्यात हा चकवा नाही.

या गणिताचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्याच्या दारात दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीची संकरित गाडी चांगल्या स्थितीत उभी आहे, त्याने केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी नवी गाडी घेण्याची घाई करण्याचे कारण नाही. ज्याच्या दारात जुनी, उधळी गाडी आहे, त्याने मात्र विचार करावा.

अधिकृत चाचणी कितीही सुधारली तरी ती प्रयोगशाळेतच होते. गाडीची चाके फिरत्या रुळांवर ठेवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाबरहुकूम ती चालवतात. रस्ता निराळा असतो. म्हणून त्रयस्थ संस्थांच्या चाचण्यांना महत्त्व येते. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ ही ना-नफा संस्था गाड्या स्वतः विकत घेते, इंधनाच्या नळीत मापक बसवते आणि रस्त्यावर त्या चालवून पाहते. तिला पहिल्या पिढीत लिटरला सुमारे १७.३ किलोमीटर मिळाले, दुसऱ्या पिढीत १८.७, तिसऱ्या पिढीत पुन्हा १८.७ आणि चौथ्या पिढीत २२.१. हे आकडे शासकीय आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत. दुसरी ते तिसरी पिढी ही शासनाच्या मापाने प्रगती होती. या संस्थेच्या मापाने ती जवळजवळ शून्य ठरली. उलट तिसरी ते चौथी ही शासनाच्या मापाने छोटी पायरी होती. या संस्थेच्या रस्त्यावर ती मोठी निघाली. दोन्ही मोजणाऱ्यांनी आपापले काम चोख केले आहे. फरक पडतो तो रस्ता, वेग आणि हवामान यांच्या वाटणीमुळे. कोणत्या पिढीची सुधारणा कोठे झाली आहे, यावर ती कोणाच्या वाट्याला किती येणार हे ठरते.

याच संस्थेने केलेली आणखी एक चाचणी फार उद्बोधक आहे. संकरित गाडी जुनी झाली की बॅटरी खचते आणि ॲव्हरेज कोसळते, अशी भीती पुष्कळांना असते. २०११ मध्ये या संस्थेने दोन लाख मैलांहून, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरांहून अधिक धावलेली २००२ ची एक प्रियस मिळवली आणि दहा वर्षांपूर्वी नव्या गाडीची घेतली होती तशीच चाचणी तिची घेतली. नव्या गाडीने १७.३ किलोमीटर दिले होते. या जुन्या गाडीने १७.२ दिले. एका गाडीवरून सर्वांचे अनुमान काढता येत नाही हे खरे, तथापि भीतीलाही काही पुरावा लागतो, आणि येथे पुरावा भीतीच्या विरुद्ध गेला.

आता सामान्य मालकाने स्वतःच्या गाडीचे ॲव्हरेज काढावयाचे झाले तर काय करावे? रीत जुनीच आहे : टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा, पुन्हा भरताना किती लिटर लागले ते पाहावे आणि भागाकार करावा. एवढ्या सरळ रीतीतही खाचखळगे आहेत. अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये पेट्रोलची वाफ बाहेर पडू नये म्हणून टाकीत लवचीक पिशवी बसवलेली होती. थंडीत ती पिशवी आखडे आणि टाकीत पेट्रोल कमी मावे. ‘टाकी भरली’ याचा अर्थच दर वेळी बदलत असल्यामुळे एका भरण्याचा हिशेब हमखास चुके. तिसऱ्या पिढीत ही पिशवी गेली. तेव्हा एका टाकीवरून या दोन पिढ्यांची तुलना करणे म्हणजे ढिल्या तागडीने सोने तोलणे होय. उपाय एकच : दहा-वीस भरण्यांची एकत्र बेरीज करावी, म्हणजे कमीजास्त आपसांत फिटून जाते. गाडीच्या पडद्यावर जो आकडा झळकतो तोही पारखून घ्यावा. तो प्रत्यक्ष हिशेबापेक्षा पुष्कळदा थोडा अधिक असतो.

दुसरी गोष्ट ऋतूची. संकरित गाडीला थंडी मानवत नाही. इंजिन आणि धूर शुद्ध करणारे उपकरण तापेपर्यंत इंजिन बंद होऊ शकत नाही, आणि आतील माणसांना ऊब हवी असेल तर ती इंजिनाच्या गरम पाण्यातूनच येते. म्हणून हिवाळ्यात दोन-तीन किलोमीटरांच्या तुटक फेऱ्या करणाऱ्याच्या पदरी निराशा येते. उन्हाळ्याची गोष्ट निराळी. पहिल्या पिढीत वातानुकूलनाचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर चाले, त्यामुळे कडक उन्हात सिग्नलला थांबले तरी गारव्यासाठी इंजिन चालू ठेवावे लागे. दुसऱ्या पिढीपासून तो विजेवर चालू लागला. दिल्ली, नागपूर किंवा ग्वाल्हेरसारख्या तापणाऱ्या शहरांत या एका बदलाचे मोल केवढे, हे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट वेग आणि चाके. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेले तर तो दीडपटीहून अधिक होतो. टायरचाही वाटा लहान नसतो. पाचव्या पिढीच्या प्रियसचा जो २४.२ हा आकडा वर दिला, तो सतरा इंची चाकांच्या साध्या प्रकाराचा आहे. त्याच गाडीच्या एकोणीस इंची चाके असलेल्या महागड्या प्रकारांना अमेरिकेत सुमारे २२.१ एवढेच मिळाले. म्हणजे चौथ्या पिढीच्या साध्या गाडीइतकेच! एका पिढीच्या अभियंत्यांनी कमावलेले दिखाऊ चाकांच्या पायी खर्ची पडले.

चौथी गोष्ट खुद्द इंधनाची. दोन पिढ्यांच्या गाड्यांमध्ये जेव्हा दहा-पंधरा वर्षांचे अंतर असते, तेव्हा मधल्या काळात पेट्रोलही बदललेले असते. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. अमेरिकेत २००५ आणि २००७ च्या कायद्यांनंतर दहा टक्के इथेनॉल मिसळण्याची पद्धत सर्वत्र पसरली, आणि तेवढ्यानेच ॲव्हरेज सुमारे तीन टक्क्यांनी उतरते. भारताने २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, अशा मिश्रणासाठी न बनवलेल्या चारचाकी गाड्यांचे ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. म्हणून जुन्या वहीतले जुने आकडे आणि नव्या गाडीचे नवे आकडे समोरासमोर मांडताना, मधल्या काळात टाकीत काय पडत होते याचीही चौकशी करावी लागते.

भारतात प्रियसची तिसरी पिढी २०१० मध्ये आली, पण किमतीमुळे ती थोड्यांच्याच आवाक्यात राहिली. संकरित मोटार येथे खऱ्या अर्थाने पसरू लागली ती २०२२ नंतर. त्या वर्षी आलेल्या ग्रँड विटारा आणि हायरायडर या भावंड-गाड्यांच्या संकरित प्रकारासाठी लिटरला २७.९७ किलोमीटर असा आकडा जाहीर झाला. भारतात वाहनांची अशी तपासणी करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक पुण्यात, वेताळ टेकडीच्या परिसरात आहे. ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन’ ही ती १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था. ज्या भारतीय चाचणीतून हा आकडा निघाला, तीत कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि वातानुकूलन बंद ठेवलेले असते. एवढे समजले म्हणजे २७.९७ हा आकडा आणि प्रियसचा अमेरिकेतील २४.२ हा आकडा यांवरून कोणती गाडी सरस, हे ठरवता येत नाही, हेही समजते. ते दोन निराळ्या गजांनी मोजलेले दोन निराळे कापड आहे.

युरोपनेही हा धडा किंमत मोजूनच घेतला. तेथे २००१ च्या सुमारास जाहीर आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत दहा टक्क्यांहून कमी तफावत होती. २०१५ पर्यंत ती चाळीस टक्क्यांच्या घरात गेली. गाड्या चाचणीसाठी घडवल्या जाऊ लागल्या, रस्त्यासाठी नव्हे. २०१७ पासून तेथे नवी चाचणी लागू झाली, आणि पुढे प्रत्येक नव्या गाडीत प्रत्यक्ष जळलेल्या इंधनाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. अमेरिकेत फोर्ड कंपनीला २०१३ मध्ये आपल्या ‘सी-मॅक्स’ या संकरित गाडीचा आकडा सुमारे २० वरून १८.३ वर आणावा लागला, आणि ग्राहकांना नुकसानभरपाईही द्यावी लागली. तो आकडा त्या गाडीची चाचणी घेऊन काढलेलाच नव्हता; दुसऱ्या, अधिक सडपातळ गाडीवरून तो घेतला होता आणि नियमांना ते चालत होते. नियमातली पळवाट ही ग्राहकाच्या खिशाला पडलेले भोक असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

सारांश असा. पंचवीस वर्षांत संकरित मोटारीची खरीखुरी प्रगती झाली आहे. एकाच गजाने मोजले तर ती स्पष्ट दिसते. परंतु जाहिरातीतले आकडे जेवढी सांगतात तेवढी ती कधी नसते, आणि कधी कधी, गज बदलल्यामुळे, त्याहून अधिकही असते. दोन पिढ्यांची तुलना करताना चाचणी एक आहे का, ऋतू आणि रस्ता सारखे आहेत का, चाके आणि इंधन तेच आहे का, आणि हिशेब किलोमीटरांचा न मांडता लिटरांचा मांडला आहे का, एवढे चार प्रश्न विचारले तरी बहुतेक वाद मिटतील. आणि बचत झाली म्हणून फेऱ्या वाढवल्या, तर सर्वोत्तम पिढीची गाडीही देशाचे एक थेंब तेल वाचवणार नाही.

शासनाने जाहीर केलेला आकडा हे नागरिकाला दिलेले एक वचन असते. ते वचन खरे ठेवण्यासाठी कडक चाचणी हवी, आणि ते खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी गाडीच्या कप्प्यात एक लहानशी वही आणि पेन्सिल हवी. यांतली पहिली गोष्ट सरकारच्या हाती आहे. दुसरीसाठी मात्र कोणाच्याही परवानगीची गरज नाही.